हललेला फोटो

मी वयात आले ती पन्नाशी उलटल्यावर. त्याआधीचं सगळं फार लौकर झालं होतं. लग्न लौकर झालं, प्रशांत लौकर झाला, डोक्यावर पदर आणि कमरेला किल्ल्या लौकर आल्या. मधली जी काही वर्षं माणसं उगीच इकडेतिकडे बघत, हसत-रुसत, नको ते उद्योग करत घालवतात, ती माझ्या वाट्याला आलीच नाहीत. आली तेव्हा गुडघे कुरकुरत होते आणि जवळचा चष्मा लागला होता. पण आली, आणि मी ती पुरेपूर वापरली. या आठवणी लिहिताना यावलच्या माहेरचं लहानपण मी पहिल्या दोन पानांत उरकलं म्हणून आमच्या ह्यांनी नाक मुरडलं आहे. माझं तरुणपण कुठे होतं ते मला ठाऊक. ते एका कॅमेऱ्यात होतं आणि तो कॅमेरा आमच्या प्रशांतच्या आळसामुळे माझ्याकडे आला. आईनं मुलाच्या आळसाचे आभार मानावेत असा प्रसंग क्वचित येतो, म्हणून आधी तेच उरकून घेते.

प्रशांत तेव्हा पुण्यात नोकरीला होता आणि त्याला कसली ना कसली हौस फार. त्या वर्षी कॅमेऱ्याची होती. दिवाळीला आला तो गळ्यात एक कॅमेरा अडकवून. वर चंदेरी, अंगावर काळं चामडं, माथ्यावर आकडे कोरलेल्या चकत्या, आणि भिंगाच्या गळ्यात फिरणारं कडं. माझ्या लग्नात यावलच्या फोटोवाल्याकडे होता अगदी तसाच दिसायला. ह्यांनी हातात घेतला, उलटासुलटा केला आणि विचारलं, "जुन्या बाजारातून आणला का रे?" प्रशांत दुखावला. आतून तो पूर्ण डिजिटल होता, पाठीला छोटा पडदा होता, फक्त सोंग जुनं होतं. त्यात सगळं आपल्या हातानं ठरवायचं: उजेड किती आत घ्यायचा, किती वेळ घ्यायचा, फोटो कितपत उजळ हवा. एकेका गोष्टीला एकेक चकती. प्रशांतनं चार दिवस फोटो काढले. अर्धे काळे आले, अर्धे पांढरे. पाचव्या दिवशी तो म्हणाला, "आई, फार कटकटीचं आहे हे. मोबाइल बरा." आणि बॅग भरताना तो कॅमेरा माझ्या कपाटात, पैठणीच्या शेजारी राहून गेला.

आमचं घर यावलहून रावेरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. मागे केळीची बाग, पुढे रस्ता, आणि गच्चीवर गेलं की उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ. सकाळी डोळा उघडतो तो ट्रॅक्टरच्या आवाजानं. केळीचे घड भरून ट्रॅक्टर निघाले की भिंती बारीक थरथरतात आणि फडताळातल्या पितळी वाट्या एकमेकींवर किणकिणतात. त्या घरात तेव्हा आम्ही तिघंच होतो, मी, आमचे हे, ज्यांना सगळं गाव नाना म्हणतं, आणि माझ्या सासूबाई, ज्यांना आम्ही आणि सगळं गाव अक्का म्हणत असू. अक्कांचं राज्य स्वयंपाकघरात. हिवाळ्यात भरिताची वांगी कपाशीच्या काड्यांवर भाजून व्हायची, ती भाजताना अक्का खाटेवर बसून सूचना करायच्या आणि आम्ही त्या पाळायचो. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, वर तेल-ठेचा, बाजूला कांद्याची पात. एवढं पुढ्यात आलं की ह्यांना जगात दुसरं काही सांगायला जाऊ नये. उन्हाळ्यात गच्चीवर बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, घाट. पहाटे ज्वारीचं पीठ शिजायचं, त्याचा आंबूस-खारट वास जिन्यातून खाली यायचा, आणि शेजारच्या बायका पदर खोचून ओल्या फडक्यावर बिबडे थापायला बसायच्या. त्यांची थापण्याची थप थप आजही उन्हाळ्याच्या सकाळी माझ्या कानात होते.

अशा एका सकाळी मी कॅमेरा बाहेर काढला. का, ते सांगता येणार नाही. बिबडे वाळत होते, ऊन गच्चीवर तिरपं पडलं होतं, आणि प्रत्येक बिबड्याची बारीक सावली दिसत होती. ती मला फार आवडली, इतकंच. पहिला फोटो पांढरा फटक आला. कडं फिरवलं, दुसरा काळा आला. मग मी माझ्या पद्धतीनं विचार केला. दुपारी उन्हाच्या वेळी आपण खोलीचं दार किती उघडं ठेवतो, आणि किती वेळ? दार जास्त उघडलं तर थोडाच वेळ पुरतो, थोडंसं किलकिलं ठेवलं तर जास्त वेळ लागतो. कडं म्हणजे दार आणि मोठी चकती म्हणजे वेळ. एवढं एकदा डोक्यात बसल्यावर मला कुणालाही काही विचारावं लागलं नाही. प्रशांतला फोन करून सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आई, हे तू मला आधी का नाही सांगितलंस?" मी म्हटलं, "तू आधी विचारलं नाहीस."

मग सुरू झाले माझे उद्योग. भाजी फोडणीला टाकून मी खिडकीतला उजेड बघत बसायची. वरण दोनदा करपलं. केळीच्या बागेत भर दुपारी उजेड हिरवा असतो आणि तो डोळ्यांना फसवतो. पोत्यावर बसलेल्या माणसाचा चेहरा आजारी येतो. म्हणून चकती कुठे ठेवायची ते मी बागेत तास तास उभी राहून शिकले. साडीच्या पदराला पाण्याचे डाग, पायाला चिखल, गळ्यात कॅमेरा. गावानं बोटं तोंडात घातली असतील तर घालोत. मला त्या दिवसांत जो आनंद झाला तसा त्याआधी कधी झालेला आठवत नाही, आणि हे लिहिताना मला त्याची जराही लाज वाटत नाही.

गंमत अशी की, तो कॅमेरा रीलचा आहे असं सगळ्या गावानं ठरवूनच टाकलं. "नानांच्या घरात जुना क्यामेरा निघाला," अशी बातमी. मी सुरुवातीला सांगून पाहिलं. मग लक्षात आलं की न सांगितलेलंच बरं. मोबाइल समोर धरला की माणसं तंबाखू चोळत राहतात, मान खाली, एक डोळा कुठेतरी. हा कॅमेरा दिसला की तीच माणसं उठून उभी राहत, तोंड धुऊन येत. केळी तोडणारे मजूर सदऱ्याची वरची गुंडी लावत. सलीमचाचा, रिक्षा चालवत आणि आमच्या पंपाची मोटारही दुरुस्त करायला येत ते, त्यांनी तर मला थांबवून घरून टोपी मागवली आणि म्हणाले, "भाभी, रील फुकट जायला नको." फोटो एकदाच निघणार, तो जपून निघाला पाहिजे, या समजुतीनं माणसं इतकी नीट होत की त्यांचा खरा चेहरा समोर येई. त्यांचा तो गैरसमज मी राहू दिला. त्यानं कुणाचं नुकसान झालं नाही आणि मला माणसं दिसली.

आता सुमनताईंबद्दल सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्याशी बांधलेलं आहे. सुमनताई माझी नणंद, ह्यांच्यापेक्षा मोठी. धुळ्याला दिलेली. मामंजी गेले ते भर उन्हाळ्यात, सकाळीच. धुळ्याला निरोप गेला, सुमनताई निघाल्या, पण वाटेत गाडी बंद पडली. इकडे गावातली जाणती माणसं घाई करू लागली. ऊन फार आहे, थांबता येणार नाही, असं म्हणू लागली. "थांबा, माझी बहीण येतेय," एवढं म्हणण्याचा हक्क फक्त ह्यांचा होता. ह्यांच्या तोंडून शब्द फुटला नाही. सुमनताई धावत पोहोचल्या तेव्हा चिता पेटली होती. तिथेच त्या ह्यांना म्हणाल्या, "माझ्या बापाचं तोंड तू मला बघू दिलं नाहीस. आता माझं तोंड तू बघू नकोस." आल्या पावली परत गेल्या. त्यानंतर सात-आठ आखाज्या आल्या आणि गेल्या. आमच्या खानदेशात आखाजी, म्हणजे अक्षय्यतृतीया, हा सासुरवाशिणींचा सण. गावोगाव लेकी माहेरी येतात, निंबाला झोके बांधले जातात, आंब्याचा रस आणि मांडे होतात. आमच्या निंबाला झोका बांधला जायचा आणि शेजारच्या पोरी येऊन खेळून जायच्या. हे दर वर्षी मूळ, म्हणजे बहिणीला माहेरचं बोलावणं, घेऊन जाण्यासाठी निघत, जळगावपर्यंत जात आणि तिथूनच परत येत. पुढे जायचं धाडस होत नसे. सुमनताई अक्कांशी फोनवर बोलत, पण भाऊ घरात आहे म्हटलं की दोन वाक्यांत फोन ठेवत.

अक्का कुणाला दोष देत नसत. फक्त आखाजी जवळ आली की स्वयंपाकघरात जास्त वेळ बसत. त्यांचे मांडे पंचक्रोशीत नावाजलेले. पुरणाची पोळी लाटण्यानं न लाटता दोन्ही हातांवर झेलत झेलत पसरवायची, कोपरापर्यंत येईल इतकी, आणि पालथ्या घातलेल्या तापल्या खापरावर अलगद टाकायची. अक्कांचा मांडा इतका पातळ व्हायचा की त्यातून पलीकडचा दिवा दिसावा. पण मी सांगते त्या वेळी त्यांनी मांडे करणं सोडलं होतं. "गुडघे दुखतात," म्हणायच्या, "धूर सोसत नाही." आम्ही मान डोलवायचो. वयाच्या माणसाचं गुडघ्याचं गाऱ्हाणं कोण तपासून बघतं?

त्या वर्षीच्या आखाजीच्या आधी अक्का आपण होऊन माझ्याकडे आल्या. मोबाइलचा फोटो त्यांना अजिबात चालत नसे, समोर धरला की पदर तोंडावर. त्या दिवशी म्हणाल्या, "निर्मला, माहा एक फोटू काढ व. त्या खऱ्या क्यामेऱ्यानं. सुमनले पाठवू. तिले म्हना, माय बरी हाये, कायजी करू नको."

मी हरखले. अक्कांनी न्हाऊन ठेवणीतलं नऊवारी लुगडं नेसलं, कपाळाला मोठं कुंकू लावायची सवय सुटलेली, म्हणून कपाळ पुसून पुसून लख्ख केलं. परसदाराच्या उजेडात पाट मांडला. सकाळचा उजेड आत यायचा तो मऊ यायचा, आणि मला तो तसाच हवा होता, म्हणून मी दिवा लावला नाही. आतल्या अंधारात तेवढ्या उजेडावर फोटो काढायचा तर वेळेची चकती बरीच सावकाश ठेवावी लागते. कॅमेरा पालथ्या घातलेल्या डब्यावर टेकवला. "अक्का, अजिबात हलू नका," मी म्हटलं.

"डोये मिटू का उघडे ठेवू?"

"उघडे. आणि श्वास धरून बसा थोडा."

"ते मले नको शिकवू," अक्का म्हणाल्या. "माह्या लग्नातबी फोटू काढला व्हता."

आणि त्या जुन्या काळच्या फोटोत बसतात तशा बसल्या. पाठ ताठ, दोन्ही हात मांडीवर, नजर सरळ भिंगात. मी कळ दाबली. पडद्यावर पाहिलं आणि जीव सुखावला. कपाळावरची प्रत्येक रेघ, हनुवटीवरचं गोंदण, पदराच्या काठाची नक्षी, सगळं काचेसारखं स्वच्छ. फक्त हात हललेले होते. मांडीवर दोन हात असायला हवे होते तिथे नुसता पांढुरका धुरकट पुंजका.

मी म्हटलं, माझंच चुकलं. पुन्हा काढला. पुन्हा तेच. डबा हलतो का पाहिलं, खाली पोतं घातलं, पुन्हा काढला. चेहरा जागच्या जागी, काठ जागच्या जागी, आणि हातांच्या जागी तोच पुंजका. कॅमेरा हलला असता तर सगळंच हललं असतं, एवढं मला आता कळत होतं. मग मी कॅमेऱ्याला लावलेला डोळा काढला आणि अक्कांच्या हातांकडे नुसत्या डोळ्यांनी पाहिलं. ते थरथरत होते. बारीक, न थांबता. अक्कांनी माझी नजर कुठे आहे ते पाहिलं आणि हात पदराखाली घेतले.

"अक्का, हे कधीपासून?"

"काय? काही नाही व. तू फोटू काढ."

मी शेजारी जाऊन बसले. हळूहळू उलगडत गेलं. दोन वर्षं झाली होती. गुडघे नव्हते, धूर नव्हता. पीठ हातांवर झेलताना फाटायला लागलं होतं, म्हणून मांडे सुटले. दिवसभर त्या काही ना काही हातात धरून असत, शेंगा सोलायला घेत, वाती वळत, परडी मांडीवर ओढत, आणि हातात काम असलं की थरथर दिसत नसे. आम्ही तिघं एका घरात, एका ताटात जेवणारी माणसं, आणि आम्हाला दिसलं नाही. दिसलं ते एका सावकाश चकतीला. आज मी त्यावर फार विचार करत नाही. दिसलं, हेच खूप झालं.

"सुमनले सांगू नको," अक्का म्हणाल्या. "दयेनं येईल ती. मले तशी नको." मग जरा थांबून, "चांगला काढ एक. हात चांगले येऊ दे."

आणि तेही मला येत होतं. दिवा लावला, खिडकी उघडली, चकती पुढे सरकवली, वेळ एकदम थोडा केला. इतक्या थोड्या वेळात हातांना थरथरायला सवडच मिळाली नाही. फोटो निघाला तो अप्रतिम. अक्का बसल्या आहेत, हात मांडीवर शांत, जणू आत्ताच मांडे करून उठल्या. अक्कांनी पडद्यावर पाहिला आणि त्यांचा चेहरा खुलला. "हा ने," म्हणाल्या. "हाच ने."

ह्यांना मी सांगितलं, सुमनताईंकडे जाते. त्यांनी पेपर खाली ठेवला. "मी येऊ?" "नको." मग त्यांनी मोटारसायकल काढली, मला स्टँडवर सोडलं. अक्कांनी बिबड्यांची पिशवी दिली होती ती माझ्या हातात ठेवली आणि म्हणाले, "ताईला म्हणावं..." गाडी सुरू करून निघून गेले. आयुष्यात पहिल्यांदा मी एकटी इतक्या लांब निघाले होते. खिडकीजवळ बसले, मांडीवर कॅमेरा, आणि खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती आणि मजाही वाटत होती.

जळगावला उतरून फोटो छापून घेतले. दोन्ही. दुकानातला माणूस भला होता. हललेला फोटो पाहून म्हणाला, "ताई, हा राहू द्या, हा बिघडलाय. उगाच कागद वाया." मी म्हटलं, "छापा." त्यानं खांदे उडवले आणि छापला. कुठला द्यायचा ते मी ठरवलं नव्हतं. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आणि धुळ्याच्या स्टँडवर उतरले तरी ठरलं नव्हतं.

सुमनताईंनी दार उघडलं, मला पाहिलं, आणि पहिल्यांदा माझ्यामागे कोण आहे ते पाहिलं. कुणी नव्हतं. मग मला आत ओढून घेतलं. इतकी वर्षं धुळ्यात राहून त्यांची बोली पार अहिराणी झाली होती, 'आहे'ला 'शे' आणि 'सगळं'ला 'बठ्ठं'. "बस, आधी जेवाले वाढस," म्हणाल्या. झणझणीत शेवभाजी, वर तर्री, गरम भाकरी, अक्कांचे बिबडे लगेच तळून ताटात. माझ्या डोळ्यांतून पाणी आलं ते तिखटानं आलं असं मी त्यांना सांगितलं. जेवणं झाल्यावर मी पहिला फोटो दिला, अक्कांनी निवडलेला.

पदराला हात पुसून त्या फोटो घेऊन खिडकीशी गेल्या. बराच वेळ बघत राहिल्या. मग सुस्कारा सोडला. "बरी शे माय. बठ्ठं बरं शे ना? मंग झालं." फोटो कपाटाच्या काचेला आतून टेकवून ठेवला.

"ताई, आखाजीला चला. मी मूळ घेऊन आलेय."

"मी येवाव नही निर्मला." शांतपणे म्हणाल्या, रागानं म्हणाल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. "मायले बरं शे, मन्हं मन भरनं. पण नानानं तोंड मी देखाव नही. मन्हा बापनं तोंड माले देखू दिन्हं नही त्यानी."

त्यांचं खरं होतं. मी उठले, पिशवी उचलली. आणि मग मला वाटलं, या बाईला एकदा आपल्या बापाचं तोंड बघायला मिळालं नाही, ते वेळेवर कुणी बोललं नाही म्हणून. आता आईच्या बाबतीत मीही गप्प बसून निघून चालले आहे. मी पिशवीतून दुसरा फोटो काढून त्यांच्या हातात दिला.

"हाऊ खराब व्हयना ना?" त्या म्हणाल्या. "हात कोठे शेतस?"

"खराब नाही झाला, ताई. हाच खरा आहे. पहिल्यात मी चकती फिरवली, म्हणून हात थांबलेले दिसतात. ते थांबत नाहीत."

सुमनताई पुन्हा खिडकीशी गेल्या. त्या पुंजक्यावर त्यांनी बोट ठेवलं. "मायना हात थरथरतस?" मी मान हलवली. "कव्हयपासून?" मी सांगितलं. आणि मग त्या भडकल्या, अशा भडकल्या की शेजारची बाई डोकावून गेली. "घरमा ऱ्हाईसन समजनं नही तुमले? दोन वरीस? तुमना डोया कोठे व्हतात?" मी सगळं ऐकून घेतलं. त्यांचं बोलणं मध्येच थांबलं, त्या खुर्चीवर बसल्या आणि फोटो उराशी धरून लहान मुलीसारख्या रडल्या. रडून झाल्यावर तोंड धुतलं आणि विचारलं, "गाडी कितला वाजता शे?"

"उद्या सकाळची आहे ना, आरामात..."

"आते नही शे का?"

होती. आम्ही तीच पकडली. आपल्या यजमानांना स्वयंपाकघरात डबे कुठे आहेत ते दारातूनच सांगून त्या निघाल्या.

आम्ही उतरलो तेव्हा दिवस मावळायला आला होता. मी येतेय एवढंच वाटेतून कळवलं होतं, म्हणून हे स्टँडवर मला एकटीला घ्यायला आले होते, मोटारसायकलवर बसून, पाय जमिनीला टेकवून. बहिणीला पाहून खाली उतरले आणि गाडी स्टँडला लावायचीच विसरले. गाडी त्यांच्या हातातून सुटून आडवी झाली, पेट्रोल सांडलं, चहावाला धावला. ह्यांना गाडी उचलायचंही सुचेना. सुमनताई जवळ गेल्या, त्यांच्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "कितला वाळी गया रे नाना तू." एवढंच. माफी कुणी मागितली नाही, कुणी दिलीही नाही. हे "ताई, ताई" एवढंच म्हणत राहिले. मग आम्ही तिघं सलीमचाचांच्या रिक्षातून घरी आलो आणि मोटारसायकल रात्रभर चहावाल्याकडे राहिली.

अक्का ओट्यावर बसल्या होत्या. लेकीला पाहून त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल तर हात पदराखाली घेतले. सुमनताई तशाच, पायातल्या चपलांसकट, ओट्यावर चढल्या, पदराखालून आईचे दोन्ही हात बाहेर काढले आणि आपल्या हातांत धरून बसल्या. मी आत जाऊन चहा ठेवला. साखर टाकली का नाही ते आठवेना, म्हणून पुन्हा टाकली. पाक झालेला तो चहा सगळ्यांनी प्यायला.

त्या आखाजीला मांडे झाले. सुमनताईंनी हातावर घेतले, अक्का पाटावर बसून चुका काढत होत्या. "कड जाड ठेवली. सासरी हेच शिकली का?" पहिले दोन फाटले, तिसरा जमला. निंबावर झोका बांधला आणि पासष्टीला आलेल्या सुमनताई त्यावर बसल्या, हे खाली उभे राहून झोका देत होते. मी त्या दिवसाचे खूप फोटो काढले. त्यातले बरेच माझ्याजवळ आहेत. कॅमेऱ्याच्या अंगावरचं चामडं आता सुटायला लागलंय, मी ते डिंकानं चिकटवते. मोठी चकती फिरताना मध्येच अडखळते. प्रशांत नवा घेऊन देतो म्हणतो. मी नको म्हणते. ज्यानं मला माझी राहून गेलेली वर्षं दिली, ज्यानं माझ्या घरातली माणसं मला दाखवली, त्याला मी त्याच्या म्हातारपणी टाकणार नाही. अक्का जाऊन आता बरीच वर्षं झाली. जाईपर्यंत एकाही आखाजीला सुमनताई आल्या नाहीत असं झालं नाही, आणि अक्का गेल्या तेव्हा ह्यांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं, माझी बहीण आल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही. सगळं गाव थांबलं.

पण मला सांगायचंय ते त्या आखाजीच्या दुसऱ्या दिवशीचं. दुपारची जेवणं झाली होती, सगळे मधल्या खोलीत लवंडले होते. अक्कांनी मला हाक मारली. "निर्मला, मी तुले कोनता फोटू न्यायले सांगतलं व्हतं?" मी म्हटलं, चांगला. "आनि तू कोनता दाखवला?" मी सुमनताईंच्या पिशवीकडे पाहिलं. "आन इकडे. मी पाह्यला नाही तो."

सुमनताईंनी आपल्या पिशवीतून काढून दिला. अक्कांनी फोटो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला. त्यांच्या हातांत तो कागद हलत होता. ह्यांना वाटलं आईला वाईट वाटेल, म्हणून ते उठून म्हणाले, "अक्का, तो खराब आलाय. राहू दे. तो दुसरा आपण मोठा करून भिंतीवर लावू."

"कायचा खराब?" अक्का म्हणाल्या. "ज्यानं माही पोरगी घरी आनली तो फोटू खराब? हाच भिंतीले लाव. तो चांगला तुह्या बायकोच्या कपाटात ठेव."